युद्धावरचे शूटर गेम किती खरे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भुसावळला शाळेत इतिहास शिकवतो. कॉलेजात असताना सायबर कॅफेत मेडल ऑफ ऑनर पहिल्यांदा खेळलो, तेव्हापासून महायुद्धावरचे शूटर गेम सुटले नाहीत. जळगाव, धुळे, शहादा, चाळीसगावकडची मुलं, काही पालक आणि एक-दोन निवृत्त फौजी व्हॉट्सअ‍ॅपवर तेच तेच प्रश्न विचारत असतात. ते इथे एकत्र केले आहेत. एखाद्या प्रश्नाचं उत्तर दुसरीकडे आलं असेल, तर तिथला क्रमांक दिला आहे.

१. सर, रिअलिस्टिक गेम म्हणजे ग्राफिक्स भारी असलेला गेम ना?

नाही. कोटाची बटणं, हेल्मेटवरचे ओरखडे, बंदुकीवरचा गंज हे सगळं हुबेहूब असूनही गेम खोटा असू शकतो. मी एकच बघतो: हा गेम मला कशाची भीती घालतो? समोर मशीनगन असताना मी उघड्या शेतातून बिनधास्त धावत सुटलो आणि गेमने ते चालवून घेतलं, तर पुढचं काही तपासायची गरज राहत नाही.

२००६ चा रेड ऑर्केस्ट्रा आज बघायला अगदी साधा वाटतो. पण त्यात रस्ता ओलांडायच्या आधी मी भिंतीला टेकून थांबतो, खिडक्या मोजतो, जोडीदार तयार आहे का बघतो. जो गेम माणसाला असं वागायला लावतो, त्याला मी खरा म्हणतो.

२. मग कॉल ऑफ ड्यूटी खोटा का?

तो युद्धपटाच्या घराण्यातला गेम आहे. १९९९ चा पहिला मेडल ऑफ ऑनर स्टीव्हन स्पिलबर्ग यांच्या कल्पनेतून आला आणि त्याला डेल डाय या निवृत्त कॅप्टनचा लष्करी सल्ला होता. २००३ च्या पहिल्या कॉल ऑफ ड्यूटीने एकट्या नायकाच्या आजूबाजूला धावणारे, ओरडणारे, पडणारे साथीदार आणले. त्या काळात ही मोठी गोष्ट होती. तो गेम खेळून ज्यांनी नॉर्मंडीचा नकाशा पहिल्यांदा उघडला, अशी माझ्याच वर्गातली मुलं मला माहीत आहेत. म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही. त्यातला काळ मात्र सिनेमासारखा आवळलेला आहे. तासन्‌तास वाट बघणं त्यात सापडणार नाही.

३. खऱ्याच्या जवळ जाणारा गेम खेळायचा असेल तर कोणता?

एकट्याने खेळायचं असेल तर २००५ चा ब्रदर्स इन आर्म्स: रोड टू हिल ३०. अमेरिकेच्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनची नॉर्मंडीतली लढाई त्यात आहे. एका तुकडीने गोळीबार करून शत्रूला जागीच दाबून ठेवायचं आणि दुसरीने बाजूने जाऊन घेरायचं, एवढ्या एका डावपेचावर तो उभा आहे. पायदळ खरोखर असंच लढतं.

मित्रांबरोबर खेळायचं असेल तर हेल लेट लूज. दोन्हीकडे पन्नास-पन्नास खेळाडू असतात. गोळी लागली की नाही याची खूण पडद्यावर येत नाही, कोणी मारलं ते पुन्हा दाखवत नाहीत, आणि माइकवर बोलला नाहीत तर तुमची तुकडी गोंधळते. पहिल्या दिवशी वीस वेळा मराल आणि एकदाही मारणारा दिसणार नाही. चिडू नका. लढाईतल्या बहुतेकांना शत्रू नीट दिसतच नसे.

पहिल्या महायुद्धासाठी प्रश्न ८ पाहा.

४. बीजीएमआय या मोबाइल गेममधली कार ९८ खरी बंदूक होती का? तिच्यावर आठ पटीची दुर्बीण असायची का?

बंदूक खरी आहे. कार ९८के ही दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पायदळाची नेहमीची रायफल, १ कोटी ४० लाखांहून जास्त बनल्या. पाच काडतुसं, आणि प्रत्येक गोळीनंतर खिट्टी हाताने मागे-पुढे करायची. आठ पटीची दुर्बीण मात्र तिच्यावर सहसा नसे. जर्मन नेमबाजांच्या दुर्बिणी बहुधा चार पटीच्या असत, आणि एक प्रकार तर जेमतेम दीड पटीचा होता.

त्यात एक मेख होती. चार पटीची दुर्बीण खिट्टीच्या वर बसली की पाच काडतुसांची पट्टी वरून दाबून भरायला जागा उरत नसे. मग एकेक काडतूस बोटाने आत सारायचं. थंडीत, हातमोजे काढून, शत्रू समोर असताना. गेममध्ये दुर्बीण लावली की फायदाच फायदा. तिथे तिची किंमत मोजावी लागे.

५. गोळी लागल्यावर भिंतीमागे थांबलं की माणूस आपोआप बरा कसा होतो?

होत नाही. आपोआप भरून येणारं कवच २००१ च्या हेलो या अंतराळ गेमने लोकप्रिय केलं आणि २००५ च्या कॉल ऑफ ड्यूटी २ ने तीच कल्पना जखमांना लावून महायुद्धात आणली. त्याआधी औषधपेटी शोधावी लागायची. आपोआप बरं होण्याने खेळ थांबत नाही, म्हणून ही पद्धत टिकली. माझ्या मते युद्धाच्या गेममधला सगळ्यात मोठा खोटेपणा हाच आहे, कारण तो सरळ भीतीवरच घाव घालतो. जखम ही चार सेकंदांची अडचण होऊन बसते. खऱ्या लढाईत एक जखमी म्हणजे त्याला उचलणारे आणखी दोघे-चौघे कमी.

६. मी वरणगावचा. आमच्याकडे गोळ्यांचा कारखाना आहे म्हणून विचारतो, गेममधली गोळी खऱ्यासारखी जाते का?

बऱ्याच जुन्या गेममध्ये गोळी नसतेच. चाप दाबला की नेमाच्या रेषेत जे असेल त्याला त्याच क्षणी लागतं. खरी गोळी वेळ घेते आणि घेताना खाली येते. ली-एनफिल्ड म्हणजे आपली थ्री-नॉट-थ्री. तिची गोळी नळीतून सेकंदाला सुमारे ७४० मीटर वेगाने निघते. ३०० मीटरवर पोहोचायला तिला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो आणि तेवढ्यात ती साधारण एक मीटर खाली येते. म्हणून रायफलीवर अंतराची पट्टी असते. रेड ऑर्केस्ट्रा, आर्मा आणि हेल लेट लूज गोळीचा हा प्रवास मोजतात.

आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो, म्हणजे गोळीच्या बराच मागे. कानाजवळून आधी 'टाक' असा चाबकासारखा फटका ऐकू येतो, तो गोळीचा स्वतःचा. मग लांबून 'धप्प', तो बंदुकीचा. या दोन आवाजांमधल्या अंतरावरून गोळीबार किती लांबून होतोय याचा अंदाज फौजी बांधतात. हेडफोन लावून खेळता तेव्हा हे ऐकायचा प्रयत्न करा. ज्या गेममध्ये दोन्ही आवाज वेगळे येतात, तो बनवणाऱ्याने मेहनत घेतली आहे.

गेममध्ये क्वचितच दिसणारी एक गोष्ट तुम्हाला रोज दिसते. मे महिन्यात दुपारी बारा वाजता नांगरलेल्या काळ्या रानापलीकडे बघा. पलीकडचा माणूस पाण्यातल्या सावलीसारखा हलतो. दुर्बिणीतून ते आणखी जास्त हलतं, आणि नेमबाजाला त्या हलणाऱ्या हवेचाही हिशेब ठेवावा लागतो.

७. अर्धी मॅगझिन टाकून दुसरी भरली तर उरलेल्या गोळ्या कुठे जातात?

बहुतेक गेममध्ये त्या अलगद खिशातल्या साठ्यात जमा होतात. खऱ्यात त्या त्या मॅगझिनमध्येच राहतात. रेड ऑर्केस्ट्रा २ मध्ये गोळ्यांचा आकडाच दाखवत नाहीत. मॅगझिन जड वाटतंय की हलकं एवढंच कळतं. हे मला फार आवडतं. हाताला जेवढं कळेल तेवढंच खेळणाऱ्याला सांगायचं.

अमेरिकन एम१ गरँडबद्दलही खूप विचारणा होते. तिच्यात आठ गोळ्यांची धातूची क्लिप जाते, आणि आठवी सुटली की क्लिप 'पिंग' करून बाहेर उडते. जुन्या गेममध्ये आठही संपल्याशिवाय ती भरता येत नसे. प्रत्यक्षात अर्धी क्लिप हाताने काढता येई, फक्त ते किचकट होतं. तो 'पिंग' ऐकून शत्रू धावून येत असे, ही कथा मनावर घेऊ नका. आजूबाजूला मशीनगन आणि तोफा चालू असताना एका क्लिपचा आवाज कोणाला ऐकू येणार?

मॅगझिन बदलण्याची खरी किंमत बघायची तर १० जुलै १९४४ चा इटलीतला प्रसंग वाचा. टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली. ते सोडून सगळे मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावले, हातबॉम्ब टाकून गन बंद पाडली, टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, एकाला मारलं, आणि तिथे गोळ्या संपल्या. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता. त्यांनी गन नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. त्यानंतर लगेच ते शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. रायगड जिल्ह्यात माणगावला त्यांचा पुतळा आहे. गेममध्ये रीलोडचं बटण दाबताना मला हा प्रसंग आठवतोच.

८. बॅटलफील्ड १ मध्ये सगळेच स्वयंचलित बंदुका घेऊन धावतात. पहिल्या महायुद्धात तसं होतं?

नव्हतं. जवळजवळ प्रत्येक शिपायाच्या हातात खिट्टीची रायफल होती आणि टोकाला संगीन. जर्मनांची एमपी १८ ही सबमशीनगन १९१८ मध्ये, युद्ध संपायच्या वर्षी आली. बॅटलफील्ड १ मधल्या हेलरीगेल आणि चेई-रिगोट्टी या बंदुका प्रयोगाच्या पुढे गेल्याच नाहीत. गेममध्ये मात्र त्या शेकड्याने फिरतात. बनवणाऱ्यांनी हे अजाणता केलं असं मी म्हणणार नाही. त्यांना वेग हवा होता.

वेगाऐवजी खंदक अनुभवायचा असेल तर व्हर्दन, टॅननबर्ग आणि इझोन्झो हे तीन गेम घ्या. एकाच मालिकेतले आहेत. बाहेर डोकं काढलं की संपलं. चिखल तिथेही फक्त दिसतो, पायाला ओढत नाही. आपल्याकडे पाऊस झाल्यावर कपाशीच्या रानातून चाललेल्या माणसाला वेगळं सांगायला नको. दहा पावलांत चपलेला दोन-दोन किलो माती, आणि ती काढायला वाकलात की दुसरा पाय रुततो. १९१७ साली पॅशनडेलच्या गाळात माणसं आणि खेचरं बुडून मेली.

९. एमजी ४२ गेममध्ये एवढी का घाबरवते? आणि पडदा धूसर का होतो?

ही जर्मन मशीनगन मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या सोडते, म्हणजे सेकंदाला वीस. कानाला सुट्या गोळ्या कळत नाहीत, जाड कापड फाडल्यासारखा एकच आवाज येतो. इंग्रजांची ब्रेन गन याच्या निम्म्याहूनही हळू चाले.

पडदा धूसर होतो तो दडपणासाठी. मशीनगनचं काम माणसं मारण्याइतकंच त्यांना मान वर करू न देण्याचंही असतं. पण खुर्चीत बसलेल्या माणसाला मरणाची भीती नसते, म्हणून गेम त्याची दृष्टी आणि नेम बिघडवतो. हा बनाव आहे, आणि तो योग्य आहे. कधी कधी खऱ्याच्या जवळ जायला असा आडमार्ग घ्यावा लागतो. चांगल्या गेममध्ये गनच्या मालकालाही त्रास असतो: नळी तापते, अ‍ॅस्बेस्टॉसचं पॅड हातात घेऊन ती बदलावी लागते, आणि पट्टे वाहून आणणारा साथीदार लागतो.

१०. स्टॅलिनग्राडमध्ये रशियनांकडे खरंच दोघांत एक रायफल होती?

पहिल्या कॉल ऑफ ड्यूटीत तुम्हाला रायफल न देता फक्त गोळ्यांची क्लिप देऊन पुढे ढकलतात. हे दृश्य २००१ च्या एका चित्रपटाच्या वळणाचं आहे. १९४१ च्या पडझडीत काही तुकड्यांना शस्त्रं कमी पडली हे खरं, पण १९४२ च्या स्टॅलिनग्राडची ती रीत नव्हती. २८ जुलै १९४२ चा 'एक पाऊलही मागे नाही' हा स्टालिनचा २२७ क्रमांकाचा हुकूम मात्र खरा आहे. मागे उभ्या केलेल्या पथकांनी अडवलेल्यांपैकी बहुतेकांना पुन्हा त्यांच्या तुकड्यांकडे पाठवलं. सरसकट गोळ्या घातल्या असं झालं नाही. वर्गात मुलं हे दृश्य इतिहास म्हणून सांगतात, म्हणून इथे नीट लिहिलं.

११. प्रत्येक लढाईत टायगर रणगाडा कसा असतो?

नाव मोठं म्हणून. जर्मनांचे पहिल्या प्रकारचे टायगर जेमतेम १,३५० बनले, अमेरिकेचे शर्मन रणगाडे सुमारे ५०,०००. कित्येक शिपायांनी अख्ख्या युद्धात टायगर पाहिला नसेल.

१२. काही गेममध्ये जर्मन झेंड्यावर स्वस्तिकाऐवजी साधा क्रॉस का?

जर्मनीच्या कायद्यात नाझी चिन्हं दाखवायला बंदी आहे आणि बरीच वर्षं गेमना त्यातून सूट नव्हती. ऑगस्ट २०१८ पासून तिथे प्रत्येक गेमचा संदर्भ बघून परवानगी मिळू शकते. काही निर्माते जगभर एकच आवृत्ती विकता यावी म्हणून अजूनही चिन्ह टाळतात. आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकाचा याच्याशी संबंध नाही. घरातल्या मोठ्यांनी पडदा बघून विचारलं तर एवढं शांतपणे सांगा.

१३. या गेममध्ये आपले सैनिक कुठे आहेत?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला सगळ्यात जास्त लागतो. पहिल्या महायुद्धात भारतीय सैन्यातले सुमारे १३ लाख लोक होते, ७४,००० हून जास्त मेले. दुसऱ्यात २५ लाख होते, ८७,००० हून जास्त मेले. मी खेळलेल्या एकाही मोठ्या शूटरच्या कथेत भारतीय शिपाई नायक नाही. गेम बनतात ते जिथे विकले जातात त्यांच्या आठवणीतून, म्हणून पुन्हा पुन्हा नॉर्मंडी आणि स्टॅलिनग्राड.

गोष्टी कमी आहेत असं नाही. डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ मध्ये सहावी पूना डिव्हिजन मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) कुटला वेढली गेली. त्यात मराठा पलटणीही होत्या. शेवटी घोडे मारून खायची वेळ आली, आणि २९ एप्रिलला शरणागती. ९ एप्रिल १९४५ ला इटलीत सेनिओ नदीवर शिपाई नामदेव जाधव यांनी दोन जखमींना सुरुंगांमधून, खोल पाण्यातून, दोन खेपांत मागे आणलं. मग एकट्याने मशीनगनच्या चौक्या मोडल्या. हाताला जखम होऊन टॉमीगन चालवता येईना, तेव्हा ती फेकून हातबॉम्ब घेतले. यात गोळी झाडण्याआधी माणसं उचलून आणणं आहे. प्रश्न १ मधली कसोटी लावली तर यावर किती चांगला गेम होईल!

१४. खऱ्या फौजींना हे गेम कसे वाटतात?

सगळ्यांचं मी सांगू शकत नाही, एकाचं सांगतो. आमच्या गल्लीतले एक आबा सुभेदार म्हणून निवृत्त झाले. एका दुपारी माझ्या शेजारी बसून त्यांनी अर्धा तास गेम बघितला. माझा शिपाई बंदूक, गोळ्या, पाठीवरचं ओझं घेऊन तीन शेतं धावत गेला. आबा म्हणाले, "इतला पयना तरी याले दम नही लागस का रे?" गोळ्या, रक्त, स्फोट यांतल्या कशावरही ते बोलले नव्हते. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "याले तहान कव्हय लागस?"

त्या दिवसापासून मी दम बघतो. धावल्यावर नेम हलतो का? श्वास रोखावा लागतो का? कॉलेजात एनसीसीच्या फायरिंगला पोटावर झोपून पॉइंट टू-टूच्या पाच गोळ्या झाडल्या होत्या. तिचा धक्का नगण्य, तरी पहिल्या बाराला माझे डोळे मिटले. गोणपाटाखालचे खडे कोपरात रुतत होते, आणि उस्ताद मागून एकच सांगत होते: अर्धा श्वास सोड, थांब, चाप ओढू नको, दाब. पाचपैकी दोन गोळ्या कागदावर लागल्या. निवांत झोपून, पंचवीस मीटरवरून.

१५. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. इतिहास कळेल म्हणून खेळू देऊ का?

ताई, गेमच्या पाकिटावर किंवा स्टोअरच्या पानावर वयाचा आकडा असतो, तो पाळा. हेल लेट लूजसारख्या गेममध्ये तुटलेले हातपाय दिसतात, आणि अनोळखी मोठी माणसं माइकवर काहीही बोलतात. खेळायला दिलाच तर शेजारी बसा आणि एक सवय लावा: जी लढाई खेळला, ती नकाशात शोधायची आणि कोण, का, किती मेले ते वाचायचं. गेममधून जिज्ञासा येते, इतिहास वाचूनच येतो. गेममधल्या चुका कशा डोक्यात बसतात ते प्रश्न १० मध्ये आहे.

१६. माझा कॉम्प्युटर जुना आहे. काय चालेल?

रेड ऑर्केस्ट्रा, कॉल ऑफ ड्यूटी २, ब्रदर्स इन आर्म्स. तिन्ही वेगळ्या ग्राफिक्स कार्डाशिवायही बहुधा चालतात. हेल लेट लूजच्या नादी लागू नका, पंखा भोंग्यासारखा वाजेल.

१७. खान्देशातल्या लढाईवर शूटर गेम होऊ शकेल का?

होऊ शकेल, फक्त त्याला शूटर म्हणता येईल का हे ठरवावं लागेल. माझ्या मनात आंबापाणी आहे. खाज्या नाईक मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण करणारे, कंपनी सरकारच्याच नोकरीतले. १८५७ मध्ये ते उलटले आणि सरकारी खजिना लुटला गेला. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात आंबापाणीला भिल्ल आणि इंग्रजी फौज समोरासमोर आली. लढाईनंतर पकडलेल्यांपैकी अनेकांना गोळ्या घालण्यात आल्या.

त्या काळची बंदूक ठासणीची. काडतुसाचा कागद दाताने फाडायचा, दारू नळीत ओतायची, गोळी घालायची, गजाने ठासायची, ठिणगी पाडणारी छोटी टोपी बंदुकीवर बसवायची, मग नेम. सरावलेला शिपाई मिनिटाला दोन-तीन बार काढे. तेवढ्या वेळात झाडीतला तिरंदाज कितीतरी बाण सोडतो, आणि त्याचा धूर होत नाही, आवाजही येत नाही. एप्रिलचा सातपुडा: पानं गळलेली, पळस फुलून गेलेला, नाल्यात पाणी नाही, पायाखाली वाळका पाला वाजतोय. वीस सेकंद बंदूक भरत उभं राहायचं आणि त्या पाल्याचा आवाज आपल्या पायाचा आहे की दुसऱ्याच्या, हे ऐकायचं. अशी वीस सेकंदं कोणी गेममध्ये आणली, तर मी तो पहिल्या दिवशी विकत घेईन. आणि तहान ठेवायची, आबांनी विचारली होती ती.